बाईंच्या कपाटाचं काय केलंत?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी बाईंना फसवलं. निरोपाच्या दिवशी हातात माइक घेऊन, सगळ्या गावासमोर शब्द दिला आणि मोडला. मी सुपारीचा व्यापारी आहे. भावासाठी घासाघीस करतो, आवाज चढवतो. पण एकदा हो म्हटलं की माल उचलतो. म्हणून हे मला पचत नाही.

बाई म्हणजे वाचनालयाच्या बाई. गाजलेली पुस्तकं पुढच्या कपाटांत असत, ती ज्याची त्याने घ्यायची. खिडकीजवळचं कपाट मात्र त्यांचं. त्यात कधी कुणी नाव न ऐकलेल्या कादंबऱ्या. "गाजलेल्यांना वाचक आपोआप मिळतो, यांना शोधून द्यावा लागतो," असं म्हणत त्या माणूस बघून पुस्तक हातात ठेवत. बहुतेक कादंबऱ्यांत भानगड एकच: एक कुणीतरी माणूस, आणि तो असा का झाला.

पुस्तक परत घेताना त्यांची एक अट असे. झावळीच्या पात्यातले हीर, ज्यांचा आपण खराटा बांधतो, त्यांचे तुकडे टेबलावर एका डब्यात ठेवलेले. वाचताना त्या माणसाबद्दलचं आपलं मत ज्या पानावर फिरलं, तिथे एक हीर ठेवायचा आणि का फिरलं ते सांगायचं. तो कायम तिथेच राहायचा. एकाच पुस्तकात चौघांचे हीर चार ठिकाणी, मग जुंपायची. टेम्पोवाला इरफान एकदा कादंबरीतल्या घर सोडून गेलेल्या बाईच्या बाजूने इतका भांडला, की बाहेर त्याच्या टेम्पोतल्या मासळीचा बर्फ वितळून रस्त्यावर ओघळ आला.

"बाई, ती गेली न्हाय, तिला घालवली!"

"कुठल्या पानावर?" बाईंचा आवाज कधी चढत नसे.

मला त्यांनी एका मिठाच्या व्यापाऱ्याची कादंबरी दिली. हमालीतून वर आलेला, कुणाचे उपकार न मानणारा. मी खूश. हीर न ठेवताच पुस्तक परत नेलं.

"मत फिरलंच न्हाय, बाई. स्वतःच्या हिमतीवर मोठा झाला. माझ्यासारखा."

"असं? शेठ, सुपारी वाळली की नाही हे तू कसं ओळखतोस?"

"कानाशी धरून हलवायची. सालात खुळखुळली की वाळली."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय! माझं मी शिकलो!" मी टेबलावर हात आपटला. डबा उपडा झाला.

"आधी हीर गोळा कर," त्या म्हणाल्या, "आणि पुस्तक परत घेऊन जा."

रागारागाने घरी आलो. जेवताना आत्या आठवली. ती दुसऱ्यांच्या खळ्यात रोजाने सुपारी सोलायची आणि मला शेजारी बसवून एकेक सुपारी माझ्या कानाशी धरायची. "बोलतेय का बघ," म्हणायची. कादंबरीत व्यापाऱ्याला मिठागरातला म्हातारा आगरी चिमटीत मीठ धरायला शिकवतो, ते पान मी दोनदा वाचून पुढे गेलो होतो. तिथे हीर ठेवला. बाईंनी तो पाहिला. दुसरं पुस्तक काढून दिलं.

पुढे त्यांची नजर गेली आणि भाची त्यांना नागपूरला घेऊन गेली. निरोपाला शाल, श्रीफळ झालं. अध्यक्ष अप्पा माइकवर म्हणाले, "बाईंचं कपाट आहे तसंच राहील." बाई एवढंच म्हणाल्या, "कपाट हलवा हवं तर. हीर काढू नका."

गेल्या महिन्यात नारळाचा सौदा करायला काशीदच्या एका नव्या रिसॉर्टवर गेलो. तिथे भिंतीवर पुस्तकं चिकटवली होती, रंग जुळवून. पाहुणे पुढे उभे राहून फोटो काढत होते. निळ्या पुस्तकांत मी मिठाचा व्यापारी ओळखला. ओढून पाहिला, हलेना. वर हिराचं टोक दिसत होतं.

"सर, ते डेकोरेशन आहे. निघत नाहीत," मॅनेजर म्हणाला.

"निघत न्हाय? अरे, आत माझी आत्या हाय!"

तो मला वेडा समजला. सौदा तिथेच मोडला. तसाच अप्पांच्या घरी गेलो.

"अरे, ती कुणी वाचत नव्हतं," अप्पा म्हणाले. "बदल्यात रिसॉर्टवाल्यांनी वाचनालयाला टीव्ही दिला, मोठा."

"इरफानला विचारलंत?"

"इरफान?" अप्पा हसले. "तो वाचतो?"

त्या हसण्यावर मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाईंचा फोन रविवारी दुपारी येतो. मागच्या खेपेला म्हणाल्या, "मला आता वाचता येत नाही रे. वाचनालयात जा, माझं कपाट उघड, आणि कुठलाही हीर असेल ते पान वाचून दाखव. कुणाचा आहे ते मी ओळखते की नाही बघू." मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

तो रविवार आता आलाय. अप्पा, तुम्ही वाचनालयात हजर राहायचं. फोन मी तुमच्या हातात देणार आहे. शब्द दिलेला माणूस तुम्ही, फिरलेलं मतही तुमचं. बाई नेहमीसारख्या शांतपणे विचारतील, "कुठल्या पानावर?"

त्यांना सांगा.