पुरावा दाखवा, मॅडम!

जळगाव-धुळ्यात बारा वर्षं मी स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांसोबत थेरपी करते. औषधं डॉक्टर देतात. माझ्याकडे यायचं ते बोलायला, मनातले विचार तपासून बघायला. "किती जड काम!" लोक म्हणतात. अहो, जड कसलं! किस्से इतके साचलेत की पोटात मावत नाहीत! नावं बदलून, त्यांना विचारूनच सांगतेय.

*

मी अगदी नवी होते. धुळ्याचे आबा, रिटायर्ड पोस्टमन. टीव्हीच्या बातम्यांत आपल्याबद्दलच बोलतात, ही त्यांची खात्री. मी पटकन म्हणाले, "असं काही नसतं, आबा!"

"पुरावा दाखवा, मॅडम."

माझ्याकडे कुठला?

आबाच म्हणाले, "माझ्याकडेही नाही. चला, दोघं मिळून शोधू!"

अख्ख्या कॉलेजात जे शिकले नव्हते, ते आबांनी एका वाक्यात शिकवलं!

*

पाचोऱ्याच्या सुनंदाताई शिक्षिका. सगळ्यांना आपला कंटाळा येतो, असं त्यांना वाटायचं. मी होमवर्क दिला: वहीत दोन रकाने, एकात बाजूचे पुरावे, दुसऱ्यात विरुद्ध. पुढच्या वेळी वही उघडली, तर पहिली नोंद माझीच! 'मॅडमनी घड्याळ बघितलं. सात वेळा.'

कान लाल झाले माझे! "खरंय, ताई. मुलीची शाळा सुटायची होती. चुकलंच माझं."

त्यांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'मॅडम खोटं बोलत नाहीत.' शेजारी लाल शाईनं 'शाब्बास'!

*

विकास मोटारी दुरुस्त करतो. मनातलं सगळ्यांना ऐकू जातं, या भीतीनं तो दुकानाबाहेर पडेना. दोघांनी प्रयोग ठरवला: टपरीवर बसून चहावाल्याला मनातल्या मनात शिव्या द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी धावतच आला. "मॅडम, वीस मिनिटं दिल्या! ठेवणीतल्या! त्यानं उलट अर्धा कप जास्त पाजला. ऐकू गेलं असतं, तर मार खाल्ला असता!"

*

आणि चोपड्याचे नाना. केळीचे शेतकरी. सहा वर्षं कानात एका पुरुषाचा आवाज, "तू काहीच कामना नही!" घराबाहेर एकटे पडत नसत, त्यांची बायको अक्का हाताला धरून आणायची.

एका मंगळवारी दार उघडलं. नाना, एकटे!

मी उडालेच! "अक्का कुठे?"

"घर शे. मी एकलाच वनू, एसटीमा!"

"आणि तो आवाज? काही बोलला नाही?"

"बोलना की! म्हणे, त्या बाईकडे जाऊ नको. मी म्हंतं, तू बी चाल संगे, तिलेच इचारू."

मी घाईघाईनं दुसरी खुर्ची पुढे ओढली.

नाना खो खो हसले. "राहू द्या, मॅडम. तो तं स्टँडवरूनच परत गया!"