गुळाची राखण

लग्न होऊन मी वडगाव रासाईला आले तेव्हा सासरी सगळं होतं. विहीर होती, विहिरीवर इंजिन होतं, ऊस होता, घरचं गुऱ्हाळ होतं, दोन म्हशी होत्या. नव्हती ती झोपायला जागा. म्हणजे मला होती; माजघरात आत्याबाईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, डाव्या अंगाला. उजव्या अंगाला मोठ्या जाऊबाई आणि त्यांची चार पोरं. मामंजी आणि थोरले दीर बाहेर सोप्यात. आणि आमचे हे मळ्यात इंजिनापाशी, कारण इंजिनाला एकटं सोडता येत नाही असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. मला एकटं सोडलेलं चालत होतं.

अशी तीन वर्षं गेली आणि मूल होत नाही म्हणून घरात कुजबुज सुरू झाली. खोट माझ्यात आहे हे आधी ठरलं, ती कुठली हे शोधायचं काम मागाहून सुरू झालं. मला अंगारे लावले, पिंपळाला फेऱ्या घालायला लावल्या, कसलासा कडूजहर काढा पाजला. मी सगळं मुकाट केलं. मनात यायचं, अगं बायांनो, चूल पेटवल्याशिवाय भाकरी भाजत नाही एवढं तरी ठाऊक आहे का या घराला? पण नवी सून असलं बोलत नसते. पुढं मी जुनी झाले आणि बोलायला लागले, आता कुणाच्या बापाला ऐकत नाही.

जाऊबाईंना चार पोरं झालीच कशी, हे मी एकदा धीर करून विचारलं. त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तवा माजघरात ज्वारीची मोठी कणगी व्हती. तिच्या मागं जागा व्हती." ती कणगी मी यायच्या आदल्या वर्षी उंदरांनी पोखरली म्हणून मोडून टाकली होती. नशीब माझं, दुसरं काय.

मग एक दिवस जेवता जेवता मामंजी म्हणाले, "फाल्गुनापतोर वाट बघू. न्हाईतर माज्या मावसभावाची पोरगी हाय." मी आत भाकरी थापत होते. भाकरी मोडली. एक बायको असताना दुसरी करायची नाही असा कायदा झालाय हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कायदा पुण्यात राहत होता आणि दुसरी लग्नं आमच्याकडं होत होती. मला खुटबावला माहेरी धाडलं असतं आणि विषय मिटला असता. माहेरी माझ्या पाठच्या दोन बहिणी बिनलग्नाच्या बसल्या होत्या. टाकलेली थोरली घरात आली असती तर त्या दोघींना कोण विचारणार होतं? रात्रंदिवस मला तेवढंच दिसायचं.

शेवटचा उपाय म्हणून आत्याबाई मला केडगावला घेऊन गेल्या. तिथं मिशनमधल्या एक नर्सबाई होत्या, पांढरं पातळ नेसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला तपासलं आणि आत्याबाईंना विचारलं, "हिचा नवरा कुठं झोपतो?"

"मळ्यात. इंजनापाशी."

"आणि ही?"

"माज्याजवळ. मी एकटी सोडत न्हाई हिला," आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या.

नर्सबाईंनी हात पुसले. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "बाई, औषध काही लागत नाही. एक खोली लागते. दाराची."

परत येताना बैलगाडीत आत्याबाई समोर बैलांकडंच बघत बसल्या. कान मात्र लाल झाले होते. घरी मामंजींनी विचारलं, "काय म्हनली बाई?" आत्याबाई म्हणाल्या, "दवा चालू केली." इतकी वर्षं संसार केला, पण धान्य आणि गुरं सोडून दुसऱ्या विषयावर त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. आताच कशा बोलणार?

खोली बांधायची म्हटलं तर का, हे सांगावं लागलं असतं. पण आमच्या गोठ्याशेजारी एक डबा उभा होता. आदल्या वर्षी अवकाळी पावसात बैलगाडीतला गूळ भिजला, तेव्हा मामंजींनी रागारागानं नगरला मिलिटरीच्या लिलावात जाऊन तो आणला होता. चारी बाजूंनी पत्र्याचा बंद ट्रेलर, वर छप्पर, मागं एक दार, अगदी वरच्या बाजूला जाळीचा टीचभर झरोका. बैलांना तो ओढेना. सोसायटीचा ट्रॅक्टर मिळेल तेव्हाच तो दौंडच्या बाजाराला जायचा, एरवी गुऱ्हाळातल्या ढेपा त्यात रचून ठेवायच्या. गूळ निवांत, कोरडा, एका खोलीत झोपायचा.

संक्रांतीच्या सुमारास, पुरुष घरात नसताना, आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "डब्यात मुंगळं झाल्यात. आतनं कुनीतरी राखन केली पायजे. धाकल्याला सांगते." जरा वेळानं, भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "एकट्याला न्हाई उरकायचं. तू बी जा."

अशी आमची राखण सुरू झाली. अर्ध्या डब्यात छपरापर्यंत ढेपा, अर्ध्यात उसाच्या पाचटावर घोंगडं आणि माझ्या आईनं दिलेली वाकळ. उशाला ढेपच, फडक्यात गुंडाळलेली. पाय लांब केले की दाराला लागायचे. मुंगळे खरंच होते, खोटं कशाला सांगू, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि आम्हीही नाही. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर मला तिथं कळलं की आमचे हे झोपेत हसतात. केवढं बरं वाटलं मला ते कळून!

खोड एकच होती. माल भरायचा डबा तो, त्याला कडी बाहेरून. आतून काहीच नाही. दार नुसतं लोटलं तर वाऱ्यानं उघडायचं, आणि फट दिसली की जाऊबाईंची पोरं डोकावायची. म्हणून दिवेलागणीनंतर आत्याबाईच गोठ्याकडं जायचं निमित्त करून यायच्या आणि बाहेरून कडी लावायच्या. पहाटे, कुणी उठायच्या आत, त्याच उघडायच्या. मी अंगण झाडायला लागायची, हे मळ्याची वाट धरायचे. थोरल्या दिरांना वाटायचं धाकटा मळ्यातच झोपतो. मामंजींना तर काहीच वाटायचं नाही.

फाल्गुनात एका पहाटे म्हैस अडली. आत्याबाई तिच्यापाशी गुंतल्या आणि आमची कडी उघडायची राहिली. त्याच दिवशी सोसायटीचा ट्रॅक्टर मोकळा होता, तो न सांगता लवकर आला. आम्ही आत जागे होऊन बसलो होतो. बाहेर मामंजींचा आवाज आला, "कडी हाय का लावल्याली?" थोरले दीर म्हणाले, "हाय." मग खाडकन काहीतरी अडकलं, डबा हिसडला आणि आम्ही निघालो.

हे पत्र्यावर हात मारणार, एवढ्यात मी त्यांचं तोंड दाबलं. ओरडायचं म्हणजे काय? सासरे, दीर, ट्रॅक्टरचा डायव्हर, शेजारीपाजारी, एवढ्यांच्या देखत त्या डब्यातून नवऱ्याबरोबर बाहेर यायचं? मेले असते तरी हाक मारली नसती. आत्याबाईंनी मागाहून सांगितलं की त्या तशाच भरल्या हातांनी धावत वेशीपर्यंत आल्या आणि ओरडल्या, "अहो, थांबा!" मामंजींनी वळून विचारलं, "काय?" सगळे बघायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, "काय न्हाई. येताना मीठ आना."

भीमेला पाणी कमी होतं. उताराला पात्रातूनच गाडी नदीपार झाली तेव्हा ढेपा आमच्या अंगावर आल्या, त्या आम्ही पाठीनं धरून ठेवल्या. राखणच ती. पुढं बऱ्याच वेळानं ट्रॅक्टर थांबला. डायव्हर इंजिनात पाणी ओतत होता आणि मामंजी डब्याला टेकून त्याच्याशी बोलत होते, माझ्यापासून पत्र्याएवढ्या अंतरावर.

"ह्ये खुटबाव," मामंजी म्हणाले. "आमची धाकली सून हितलीच. लई गुनाची पोर हाय. पन काय करता. आज अडतीवर मावसभाऊ यायचाय, सुपारी फोडून टाकतो."

तीन वर्षांत त्यांनी मला गुणाची म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते असं. मला रडू फुटलं आणि ते मी पदराच्या बोळ्यात कोंबलं. पत्र्यापलीकडं माझं माहेर होतं, तिथं उतरवून दिलं असतं तर काम एका खेपेत झालं असतं.

हे माझ्या कानाशी म्हणाले, "मी न्हाई करनार दुसरी."

"मग मोठ्यानं म्हना की."

"आत्ता?"

मी विचार केला. म्हटलं, "आत्ता नको."

दौंडला पोचेपर्यंत पत्रा तापून तवा झाला होता. गूळ पाघळून माझ्या लुगड्याला चिकटला होता. बाहेर माणसांचा गलका, आणि मग कडी निघाली. दार उघडणारा हमाल दोन पावलं मागं सरला आणि मामंजींकडं बघून ओरडला, "आबा, गुळात मानसं हायती!"

अडत्याच्या ओट्यावर फेटा बांधून एक गृहस्थ बसले होते, पुढ्यात पानसुपारी. तेच मावसभाऊ. मामंजी त्यांच्याशेजारून उठून आले. आमचे हे आधी उतरले. मी डोक्यावरून पदर ओढून उतरले, पाठीवर ओंजळभर गूळ घेऊन. सगळा बाजार बघत होता. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं नुसतं म्हणतात. मला त्या दिवशी खरंच वाटलं.

ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलणार. हे म्हणाले, "गूळ नीट हाय." मी मनात कपाळावर हात मारला.

मामंजी माझ्याकडं पाठ करून उभे राहिले, सुनेचा मान म्हणून. लेकाला विचारलं, "कवापासनं?"

"संक्रांतीपासनं."

"आन् त्याच्या आदी?"

"मळ्यात. तुमीच धाडलं व्हतं. इंजन एकटं ऱ्हातंय म्हनून."

आणि मग, कसं कोण जाणे, हे मान खाली घालूनच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, मला दुसरी नको."

मी मामंजींच्या पायातल्या वहाणा तेवढ्या बघत होते. मग ते ओट्याकडं गेले, सुपारी उचलली आणि मावसभावाच्या हातात परत दिली.

"पाव्हणं, माफी करा," ते म्हणाले. "आमच्या घरात खोट सुनंची न्हवती. जागंची व्हती. आन् मला येड्याला ती दिसली न्हाई."

हमाल हसले. मामंजींनी त्यांना हसू दिलं.

परत येताना मला डब्यात बसू दिलं नाही. ट्रॅक्टरवर डायव्हरशेजारची जागा मला दिली आणि मामंजी आणि हे मागं रिकाम्या डब्यात बसले, दार उघडं टाकून, पाय खाली सोडून.

घरी आत्याबाई दारातच उभ्या होत्या, तोंड उतरलेलं. मामंजींनी आधी मिठाची पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मग कोपरीच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. दौंडच्या लोखंडाच्या दुकानातून घेतलेली नवीकोरी कडी होती, कोयंड्यासकट. ती त्यांनी ह्यांच्याकडं दिली.

"ही आतनं बसव," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

आत्याबाई आधी मिठाकडं बघत राहिल्या, मग कडीकडं, आणि मग तोंडाला पदर लावून एवढ्या हसल्या की जाऊबाई बाहेर आल्या. ह्यांनी उजेड आहे तोवर कडी ठोकून घेतली. दिवे लागल्यावर मी भाकरी उरकल्या, हात धुतले आणि सगळ्यांच्या देखत अंगण ओलांडून डब्यात गेले. सासरी आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा दार मी लावलं.