तात्यांची खोली आणि माझी वाढती मंडळी

दुसरं गीत रंगात आलं होतं, तेवढ्यात दारात आमचे घरमालक तात्या आणि त्यांच्या मागे काकू उभ्या राहिल्या. काकूंच्या हातात ताट, ताटात खण, नारळ, हळदकुंकू. खोलीत चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. काकूंनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि विचारलं, "यातली पोटुशी कंची?"

गीत जागच्या जागी बंद पडलं.

मी पाळक. म्हणजे ख्रिस्ती लोकांची भक्ती चालवणारा, उपदेश करणारा. एकोणीसशे पन्नासनंतर पिंपरीला नवा कारखाना आला, तशी नगर-जालन्याकडची आमची माणसं कामाला आली. भक्तीला जागा नव्हती. कासारवाडी स्टेशनामागे चिंचेखाली बसायचो. गाडी आली की उपदेश थांबवायचा, गेली की कुठं होतो ते आठवायचं. दोन-तीन घरमालकांनी वाटेला लावल्यावर हे तात्या भेटले. शेतकरी माणूस, तोंडानं फटकळ, मनानं मोकळा.

आता, आमच्यात 'मंडळी' म्हणजे एकत्र भक्ती करणारे सगळे लोक. तात्यांच्या गावात मंडळी म्हणजे बायको. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण रोज तोच शब्द तोंडात, भान राहतंय कुठं!

"मंडळीसाठी खोली पाहिजे," मी तात्यांना म्हणालो होतो.

"सध्या कुठं हाय मंडळी?"

"इथंच, पण विखुरलेली आहे."

तात्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

"खोली ऐसपैस आहे ना? मंडळी मोठी आहे. दिवसेंदिवस वाढतेय."

"आस्सं! कितवा महिना?"

मला वाटलं, भक्ती सुरू होऊन किती महिने झाले ते विचारतायत. "सातवा लागला," मी छाती काढून सांगितलं.

तात्यांनी त्याच पावली खोली उघडून दिली. वर "मंडळीला जपा" असंही बजावलं. काय देवभोळा माणूस, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

आता दारात उभं राहून चाळीस माणसं पाहिल्यावर उलगडा झाला, तसे तात्या भडकले. "पाद्रीबाबा, खोली मागितली बायकोसाठी आन् आख्खी शिफ्ट आणून बसवली व्हय? खाली करा!"

पावसाळा तोंडावर होता. ही खोली गेली की पुन्हा चिंच.

"तात्या, ऐकून तर घ्या. मंडळी म्हणजे उद्धारलेल्या जनांची आत्मिक सहभागिता..."

"कळंल असं बोला! न्हाईतर उठा."

अरे देवा! पाळकांच्या शाळेत शिकलेले सगळे शब्द डोक्यातून फिरवले, एक कामाचा निघेना. शेवटी समोर बसलेल्या पौलस फिटरच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा पौलस, जालन्याचा. मागं तापानं फणफणला. इथं याला ना आई, ना बहीण. या लोकांनी ड्यूटी सांभाळून याला पेज पाजली. दर रविवारी आम्ही जमतो, देवाला हाक मारतो, आणि कोणाचं काय दुखतंय ते विचारतो. रक्ताचं नातं नाही, पण देवानं एका घरात घातलंय. त्याला आम्ही मंडळी म्हणतो."

तात्यांच्या आधी बोलला तो पौलस. "पाळकसाहेब, इतके महिने ऐकतोय, पण मंडळी म्हणजे काय ते आज समजलं बघा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र तोंडाला पदर लावून खदखदल्या आणि थेट माझ्या बायकोपाशी जाऊन बसल्या.

"अहो काकू, मला तसलं काही नाही!" ती ओरडली.

"आज न्हाई तर उद्या हुईल. नारळ काय माघारी नेऊ?"

मग तात्यांनाही हसू आवरेना. खोली राहिली, पण अट घालूनच. "मी भाईर वट्यावर बसणार. आत काय बोलताय ते मला कळलं पायजे."

पुढं पाच वर्षं तात्या दर रविवारी वट्यावर बसले. उपदेशात जड शब्द आला की बाहेरून मोठ्यानं खाकरत. आतले लोक हसत, मी तो शब्द सोडून साधा शोधत असे. उपदेश निम्म्यानं आखूड झाले आणि लोक दुपटीनं वाढले.

तेव्हापासून नव्या पाळकांना मी एवढंच सांगतो. देवाला कुठलीही भाषा चालते, घरमालकाला चालत नाही.