विहीणबाईंचं ‘आमान्यां’

शिंपीणबाईंच्या मशीनसमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. ‘ओजि म्हणजे आज. आमान्यां म्हणजे उद्या. आगोरा म्हणजे आत्ता. क्वांदु म्हणजे कधी.’ लेक सात समुद्रांपलीकडे नांदत होती. सातव्या महिन्यातच तिने फोनवरून ही पोर्तुगीज शिदोरी बांधून दिली होती. बाळंतपणाला जवळ सासूच असणार, आणि विहीणबाईंना पोर्तुगीजखेरीज एक अक्षर येत नव्हतं. बातमी त्यांच्याकडूनच यायची, तर निदान दिवस-वेळ तरी कळायला नको? बाई मशीनवर पाय मारता मारता घोकत. गिऱ्हाइकाने ‘पँट कधी?’ विचारलं की तोंडून ‘आमान्यां’ निसटे.

डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून दोन दिवस झाले. लेक फोन उचलेना, जावयाचाही बंद. बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकाच बाहीला त्यांनी दोनदा अस्तर लावलं, दोनदा उसवलं, सुई बोटात घुसवून घेतली.

“अगं, दमली असेल पोर. कळवतील,” नवरा म्हणाला.

“तुम्ही चहा प्या नि गप्प बसा!”

शेवटी भर दुपारी काम बाजूला सारून त्यांनी थेट विहीणबाईंनाच व्हिडिओ कॉल लावला.

“क्वांदु?”

विहीणबाई हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. “आमान्यां.”

“ओजि?”

“आमान्यां, आमान्यां.”

तीस वर्षं बाईंनी हेच तर केलं होतं. कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसली की त्या अशाच गोड हसून गिऱ्हाइकाला उद्यावर ढकलत. असला उद्या त्यांना कोणी शिकवायला नको होता. आणि कागदावर बघावं तर सगळं ‘कधी’चंच, ‘कशी आहे?’ विचारायला एक शब्द नाही.

“आगोरा!” त्या ओरडल्या. “आगोरा, विहीणबाई! आत्ताच्या आत्ता!”

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या. पडद्यावर भिंत, दार, लोखंडी खाट डचमळत गेली, आणि उशीवर लेकीचं पांढरंफटक तोंड दिसलं.

“आई, परवाच झाला मुलगा. काचेच्या पेटीत ठेवलाय, त्याला नीट श्वास घेता येत नाहीये. मीच सगळ्यांना म्हटलं, आईला कळवू नका. एवढ्या लांबून तू काय करणार होतीस?”

“काय करणार होते?” बाईंना हुंदका आवरेना. “तुझ्याबरोबर भ्याले असते.”