गाठ बाहेरच्या बाजूला

आमच्या शाळेत मुलींचे कपडे शिवायला आणि दुरुस्त करायला एक काकू होत्या. सगळ्या त्यांना टाकेकाकू म्हणायच्या. मी तिथे भूगोल शिकवायला गेले तेव्हा त्यांचे केस पांढरेशुभ्र झाले होते, पण जीभ तरुण होती. पहिल्याच भेटीत माझा कोट उलटासुलटा करत म्हणाल्या, "भूगोलबाई, शिकवता अख्खं जग आणि खिशाला हे केवढं भोक! अर्धं जग गळून जाईल की यातून." आठवड्याभरात त्या मला 'तू' म्हणायला लागल्या. मला बरं वाटलं. त्या दगडी इमारतीत हक्काने 'तू' म्हणणारं माझं दुसरं कोणी नव्हतं.

शाळा निवासी, टेकडीच्या माथ्यावर. थंडीत धुकं थेट व्हरांड्यात शिरायचं आणि दुपारीसुद्धा दिवे लावावे लागायचे. इमारतीचा उत्तरेकडचा भाग कायमचा बंद होता. एके काळी तिथे आजारी मुलींना ठेवत. मग एका वर्षी तापाची साथ आली, आणि त्यानंतर त्या दाराला जे कुलूप लागलं ते लागलंच. काकूंची शिवणखोली नेमकी त्या दाराला खेटून होती. काकूंचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. त्याच खोलीत मशीन चालवून त्यांनी मुलाला वाढवलं. आता तो बोटीवर नोकरीला होता, वर्षाकाठी एकदा यायचा.

मी गेले त्या थंडीत काकूंची नजर अधू व्हायला लागली होती. त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. सुईत दोरा ओवताना मी त्यांना पाहिलं, तेव्हा दोरा सुईच्या शेजारून हवेत जात होता. मी पुढे होऊन ओवून दिला. त्यांनी सुई हातातल्या कपड्यात खोचून ठेवली.

"मोठ्या बाईंना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. "घरी बसवतील मला. घर कुठाय पण?"

आणि मग ते सुरू झालं. संध्याकाळी अर्धवट टाकलेला कपड्यांचा ढीग सकाळी पूर्ण होऊन घडी घातलेला दिसायचा. काकूंना वाटलं मीच करते. मी म्हटलं, "काकू, मी बटण लावलं तर ते कापडासकट हातात येतं." त्या हसल्या, पण चेहरा उतरला.

त्यानंतर मुलींनी मशीनचा आवाज ऐकला. काकू जेवणघरात सगळ्यांसमोर बसलेल्या असायच्या आणि व्हरांड्याच्या टोकाकडून पायडलची खडखड यायची. खोलीजवळ गेलं की औषधाचा जुनाट, कडवट वास यायचा आणि अंगावर गारठा धावून यायचा. एक मुलगी तिथे चक्कर येऊन पडली. बाकीच्यांनी दुरुस्त झालेले कपडे अंगात घालायचंच सोडलं. "ते तिकडचं कोणीतरी शिवतंय," अशी कुजबुज सुरू झाली. काही आईवडिलांनी मुलींना घरी नेण्याची भाषा केली.

मोठ्या बाई भुताखेतांना भीक घालणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कुलूपवाल्याला बोलावून उत्तरेकडचं दार उघडलं. मी बरोबर होते. आत ओळीने लोखंडी खाटा आणि सगळीकडे धूळ, अशी दाट की आमची पावलं तीत रुतली. दुसऱ्या कोणाचं पाऊल तिच्यात नव्हतं. आम्ही बाहेर येऊन दार लोटलं, आणि शेजारच्या खोलीत मशीन सुरू झालं.

काकू आमच्या मागेच उभ्या होत्या. तिघी उंबऱ्याशी थांबलो. खोलीत चिटपाखरू नव्हतं. पायडल खालीवर होत होतं, चाक फिरत होतं, आणि एका मुलीचा निळा झगा सुईखालून हळूहळू सरकत होता. मोठ्या बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला.

काकू मात्र आत गेल्या. मी "काकू!" म्हणून ओरडले, त्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी झग्याच्या शिवणीवरून बोटं फिरवली, अगदी आंधळ्या माणसासारखी, आणि टोकाशी थांबल्या. तिथे दोऱ्याची गाठ होती, कापडाच्या बाहेरच्या बाजूला.

"चिमणे?" त्या म्हणाल्या. "अगं, तू आहेस होय?"

चाक थांबलं.

काकू तशाच जमिनीवर बसल्या आणि रडत रडत आम्हाला सांगू लागल्या. चिमणी ही जुन्या काळची एक विद्यार्थिनी. आईवडील दूरदेशी, सुट्टीत न्यायला कोणी यायचं नाही. सगळ्या मुली गेल्या की ती काकूंच्या खोलीत येऊन बसायची, काकूंच्या ताटातलं जेवायची, त्यांच्या मुलाशी भांडायची. काकूंनी तिला शिवण शिकवली. "गाठ आत घ्यावी, दिसू नये, हे शंभरदा सांगितलं. पण ऐकेल तर शपथ! म्हणायची, दिसली तर कळेल ना तुम्हाला, मी शिवलंय ते." साथीत तिला ताप आला. तिला त्या बंद भागात नेलं. लागण होईल म्हणून काकूंना आत सोडलं नाही. भिंतीपलीकडून त्या तिचा खोकला ऐकत राहिल्या, आणि एके सकाळी तो यायचा बंद झाला.

"मी आले नाही असं वाटलं असेल तुला," काकू मशीनकडे बघून म्हणाल्या. "दारातच होते गं. दारातच बसून होते. आणि तू आता या म्हातारीचे डोळे झालीस? फार उपकार झाले बाळा माझ्यावर. फार."

खोलीतला गारठा ओसरला. कोणी दिसलं मात्र नाही. काकूंनी हात पुढे केला होता, तो त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला. नंतर मला एवढंच म्हणाल्या की तळव्याला ऊब लागली.

मोठ्या बाईंनी गाजावाजा न करता, आरडाओरड न करता एक काम केलं. काकूंना घेऊन स्वतः शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. मोतीबिंदू पिकले होते. घरी बसवतील ही भीती काकूंनी तिथे बोलून दाखवली. "घरी बसवायचं काय?" त्या काकूंवर करवादल्या. "तुम्ही नसलात तर मुली शाळा सोडतील, मीही सोडेन. आधी सांगायचं नाही?" दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मी रजा काढून त्यांच्या उशाशी राहिले. पट्टी निघाल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू तर दिसायला बरी आहेस की!"

त्यानंतर काम आपोआप होणं बंद झालं. काकूंना त्याचा आनंदही झाला आणि हुरहुरही लागली. कितीतरी दिवस त्या खोलीत शिरताना दारात क्षणभर थांबायच्या. मुलींना त्यांनी सगळं खरंखरं सांगितलं, काही लपवलं नाही. भीती कुठल्या कुठे गेली. उलट लहान मुली येऊन विचारायच्या, "चिमणीला काय आवडायचं?" काकू सांगत बसायच्या.

उत्तरेकडचा भाग झाडून, चुना लावून उघडला गेला, तो काकूंच्याच आग्रहाने. खाटा काढल्या, खिडक्या उघडल्या. सुट्टीत ज्या मुलींना घरी जाता येत नाही त्यांची बसायची खोली आता तिथे आहे. पहिल्या सुट्टीत दोघी होत्या. काकूंनी त्यांना जवळ बसवून उसवलेली उशी शिवायला दिली. मी दारातून पाहत होते. शिकवताना त्यांचा हात मधेच थांबला, त्यांनी डोळे पुसले, आणि मग त्या माझ्यावर खेकसल्या, "उभी काय राहिलीस? उन्हाच्या वाटेतून बाजूला हो, पोरींना दोरा दिसत नाहीये."