दाराजवळची ट्रंक

भवानी पेठेत आमच्या शेजारी मिलमधले एक कारकून राहत. प्लेगात एकदा घाईघाईनं घर सोडावं लागलं, तेव्हापासून त्यांच्या दाराजवळ एक भरलेली ट्रंक कायम तयार असे. तिच्यात नवी घोंगडी, कंदील, काड्यापेट्या, पोहे, गूळ. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यांची बायको आमच्याकडं काड्या मागायला आली की म्हणे, "आमच्या घरातलं चांगलं ते सगळं पळायच्या तयारीत हाय की!"

एका सकाळी ते कामाला निघणार, तेवढ्यात पलीकडच्या विणकराच्या घराला आग लागली. आम्ही घागरी घेऊन धावलो. कारकून मात्र आपली ट्रंक ओढत रस्त्यावर आले आणि तिच्यावर बसून ओरडू लागले, "गरजेचं तेवढंच घ्या!"

आग विझली, पण विणकराचं घर गेलं. त्याची बायको तान्ह्या पोराला ओल्या लुगड्यात धरून थरथरत होती. तिच्याकडं बघून ते उठले आणि त्यांनी ट्रंक उघडली. घोंगडीची कसरीनं चाळण केली होती, पोह्यांत अळ्या झाल्या होत्या. त्यांनी अंगातला कोट काढून पोराभोवती गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी ते नुसत्या सदऱ्यावर निघालेले दिसले. मी कोटाचं विचारलं.

"ट्रंकेत ठेवला नव्हता," ते म्हणाले, "म्हणून कामी आला."