स्टिअरिंगखालचा दिवा

नागझिऱ्याच्या गेटवर केशोरावचं नाव काढलं की लोक आधी विचारत, "कोणता? नाकवाला?" सफारीच्या गाडीवर त्याची वीसेक वर्षं गेली. डोळे सगळ्याच ड्रायव्हरांना असतात, पण केशोरावचं नाक गाजलेलं. वाघ झाडावर लघवीची पिचकारी मारून आपली हद्द आखतो, आणि तिचा ताजा वास थेट शिजणाऱ्या सुवासिक भातासारखा येतो. धानाच्या मुलखात वाढलेल्या केशोरावला तो चालत्या गाडीत कळायचा. गाडी थांबवून तो मान जरा वर करायचा आणि म्हणायचा, "आत्ताच गेला." पुष्कळदा पुढच्या वळणावर वाघ बसलेला सापडे. नाही सापडला तर ती गोष्ट कोणी सांगत बसत नसे. माणसाची कीर्ती अशीच वाढते.

गाडीही तो नाकानंच चालवायचा. इंजिन तापलं, कुठं रबरी पाइप पाझरला, की आतल्या कूलंट मिसळलेल्या पाण्याचा गोडसर वास त्याला सगळ्यांआधी यायचा. समोरच्या तापमानाच्या काट्याकडे तो बघायचाच नाही. "काटा पाहीन तो जंगल कवा पाहीन?" असं नव्या ड्रायव्हरांना ऐकवायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो तापानं फणफणला. ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली. नाक तेवढं परत आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात अंगणात मोहफुलांचा ढीग वाळत पडला होता. केशोरावनं ओंजळभर फुलं तोंडाशी धरली, आणि काहीच कळेना तेव्हा ती हळूच परत ठेवून दिली. येईल आज ना उद्या, असं म्हणत वर्षं गेली.

सांगणार कोणाला? नाकवाल्याचं नाक गेलं, ही बातमी गेटवर पोचायला कितीसा वेळ लागतो? पाहुणे त्याला नाव घेऊन मागत असत. ते नाव गेलं की उरला कोण, तर पन्नाशीचा एक ड्रायव्हर. म्हणून त्यानं सोंग घेतलं. खुणेची झाडं त्याला पाठ होती. तिथं गाडी थांबवायची, मान वर करायची, डोळे मिटायचे. घरी शामकला चुलीवरून भाताचा गंज उतरवायची तेव्हाही तो न चुकता म्हणायचा, "काय वास सुटला व!" बायको खूश व्हायची. लबाडी लहानशीच, पण रोजची.

यंदा एप्रिलात ती अंगाशी आली. शेजारी बसलेली गाइड टीना, गेटजवळच्या गावातलीच पोरगी, म्हणाली, "काका, काहीतरी गोड गोड वास येऊन राहिला."

"मोह होय तो," केशोराव थाटात म्हणाला.

थोड्याच वेळात बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली. पाइप फुटला होता. जंगलात गाडीतून उतरायची बंदी, मागच्या सीटवर दोन लहान लेकरं, आणि दुसरी गाडी येईपर्यंत सगळे भर उन्हात बसून. त्या लेकरांचे लाल झालेले चेहरे पाहून केशोरावला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. नाव राखता राखता कोणाचा जीव घेशील, असं त्यानं स्वतःला बजावलं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सडक अर्जुनी हे गाव गाठलं. हायवेच्या कडेला भोजराजचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे.

"इंजिन तापलं का लाल लाइट लागला पाह्यजे," केशोराव म्हणाला. "मले दिसन असा. पाहुण्याइले नाही."

"बझर लावून देतो न."

"जंगलात बझर? वाघ काय ट्रकवाला होय का?"

"पण काटा हाये न गाडीले. लाइट कायले पाह्यजे?"

भोजराज तसा हट्टी. कारण कळल्याशिवाय चांगल्या वायरीला हात लावत नाही. केशोरावनं आडवळणं घेऊन पाहिली, चहा पाजला, शेवटी नजर चुकवत म्हणाला, "नाक गेलं गा माहं. वासच येत नाही."

भोजराज हसला नाही. त्यानं बॉनेट उघडलं.

इंजिनातल्या पाण्याची गरमी सांगणारा सेन्सर, आणि त्याच्यापासून काट्याकडे जाणारी एकच वायर. भोजराजनं ती तोडली नाही. मधेच तिचं साल जरासं सोललं आणि तिथं दुसरी वायर झाळली. तिला आधी सरळ बल्ब जोडून पाहिला, तर इंजिन थंडगार आणि काटा मात्र टोकाला!

"बल्ब करंट खाऊन राहिला," भोजराज म्हणाला. "या वायरीचं नुसतं आयकाचं. तिच्यातलं खायाचं नाही." मग त्यानं काडेपेटीएवढं सर्किट मधे बसवलं. त्यानं वायरीतलं फक्त ऐकायचं, आणि दिव्याला करंट दुसरीकडून द्यायचा. काटा जागेवर आला. मुगाच्या दाण्याएवढा दिवा स्टिअरिंगखाली बसला.

"एक ध्यानात ठेव," निघताना भोजराज म्हणाला. "काटा अन् लाइट एकाच वायरीवर हायेत. धक्क्यानं टाका सुटून वायर बॉडीले लागली, त दोघंही संगच खोटं बोलतीन. एकाची साक्ष दुसऱ्याले चालाची नाही."

मे महिन्यात नागपूरचे एक आजोबा मुलासुनेला घेऊन आले. काही वर्षांपूर्वी केशोरावनं त्यांना याच जंगलात वाघ दाखवला होता, म्हणून गेटवर त्यांनी त्यालाच मागून घेतलं. वाटेत खुणेच्या झाडापाशी त्यानं गाडी थांबवली, मान वर केली. आजोबांनी सुनेला कोपरानं ढोसलं, "बघ, बघ आता." केशोरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं वाट फुटते. एक चढावर जाते, दुसरी खाली तलावाकडं. गाडी फाट्यावर आली आणि चढाकडून चितळांचा एकसारखा ओरडा सुरू झाला. वाघ निघाला होता. सगळे उठून उभे राहिले. त्याच वेळी स्टिअरिंगखालचा दिवा लागला.

केशोरावनं काट्याकडे पाहिलं. काटाही वर चढलेला. पण दोघं एकाच वायरीवरचे! तिकडे टाका सुटला असेल तर दोघंही खोटे, आणि दोघंही खरे असतील तर चढावर इंजिन बसणार, तेही ओरड्याच्या ऐन मधोमध. वाफ नव्हती. आवाज नेहमीसारखा होता. तिसरी साक्ष एकच राहिली होती, आणि ती त्याच्याजवळ नव्हती.

"टीना," तो हळूच म्हणाला, "वास येते का? त्या दिवशीसारखा?"

टीनानं हुंगून पाहिलं. "नाही. तुमाले येऊन राहिला का?"

"अहो, तिला काय विचारता?" मागून आजोबा हसले. "नाक तर तुमचं!"

काहीही थाप चालली असती. पेट्रोल संपलं म्हणावं, वाट बंद आहे म्हणावं. केशोराव मागं वळला.

"मले वास येत नाही बाबूजी. कोरोनापासून. मघा झाडापाशी मान वर केली ना, ते सोंग होतं." त्याचे कान तापले होते. "हा लाइट म्हणते इंजिन गरम हाये. खोटाही असन. पण तुमाले घिऊन मी चढावर जाऊन नाही राहिलो."

इंजिन बंद करून त्यानं गाडी हळूहळू तलावाच्या उतारावर सोडली. मागं चितळं ओरडतच होती. कोणीतरी चुकचुकलं.

तलावाजवळच्या विश्रामगृहापाशी उतरायची मोकळीक असते. केशोरावनं बॉनेट उघडलं. इंजिन हात लावू देईना इतकं तापलं होतं, आणि समोरचा रेडिएटर चक्क थंड. इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट अडकून बसला होता. आतलं पाणी आतच उकळत होतं, पाइप सगळे धड, एक थेंब बाहेर नाही. मग वास कुठून येणार? केशोराव बॉनेटला टेकून उभा राहिला. नाक शाबूत असतं तरी आज ते त्याला काही सांगणार नव्हतं, आणि नाकाचं ऐकून त्यानं गाडी खुशाल चढावर घातली असती. ज्या नाकासाठी तो इतका झुरला होता, त्या नाकाचं त्याला आज पहिल्यांदाच भय वाटलं.

आजोबा जवळ आले. "मग त्या वेळी वाघ दाखवलात, तेव्हा?"

"तवा खरं होतं बाबूजी."

"बरं," आजोबा म्हणाले आणि आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

बातमी त्याच्याआधी गेटवर पोचली. "काय गा केशोराव, नाक कुठी ठेवलं?" एकानं विचारलं, चार जण हसले, आणि मग उद्याच्या पाळ्यांची बोलणी सुरू झाली. ज्याला तो इतका भ्याला होता ते एवढंच निघालं.

घरी मात्र शामकला दारातच उभी होती. तिच्याही कानावर गेलं होतं.

"भोजराजले सांगतलं," ती म्हणाली. "त्या टीना पोट्टीले सांगतलं. नागपूरच्या पावण्याइले सांगतलं. मीच तेवढी परकी आहो का?"

केशोराव पायरीवर बसला.

"त्याइले सांगतलं त नाव गेलं असतं, एवढंच," तो म्हणाला. "तुह्या भातापाशी मात्र ते अजून हाये असं वाटे. तुले सांगतलं असतं, त मंग नाक खरंच गेलं असतं."